तात्यांचा नारळ आणि छत्तीस इंची पातं

गेल्या महिन्यात एक तरुण ठेकेदार मोटारसायकलवरून माझ्या दारात येऊन उभा राहिला. उजनीच्या धरणाखाली जी गावं जाणार आहेत तिथली झाडं तोडायचं काम त्याने घेतलं आहे. पिशवीतून त्याने हात-दीड हात लांबीची एक पोलादी पट्टी काढली आणि माझ्यापुढे धरली. हल्ली साखळीची करवत निघाली आहे. लहानशा इंजिनावर दातेरी साखळी गरगर फिरते आणि झाड बघता बघता आडवं होतं. ती साखळी ज्या पट्टीच्या कडेच्या खाचेतून धावते, ती पट्टी मधोमध वाकली होती. असली वस्तू मी जन्मात हाताळली नव्हती, पण शेवटी ते पोलादच.

"कशी वाकली?" मी विचारलं.

"गड्यानं वाकवली. दुसरं कोन वाकवनार?"

पट्टी मी दोन तासांत सरळ करून दिली. खाच एका जागी मिटली होती, तीही उघडली. ह्या वयात हे जमलं म्हणून दिवसभर घरात मिशीला पीळ देत हिंडलो. पण त्याचं ते 'दुसरं कोन' काही डोक्यातून जाईना. वाकलेली वस्तू घेऊन येणाऱ्या जवळजवळ प्रत्येक मालकाने आयुष्यभर मला हेच सांगितलं आहे. संपादकांनी दिवाळी अंकासाठी 'तुमच्या धंद्यातलं काहीतरी लिहा' असा लकडा लावला होताच. तेव्हा तात्यांच्या नारळाची गोष्ट एकदाची सांगून टाकतो. तात्या गेले, बसण्णाही गेला, आता कुणाला वाईट वाटायचं कारण नाही.

माझा धंदा करवती सरळ करण्याचा. धार लावणारे गावात पुष्कळ होते, सरळ करणारा मी एकटा, आणि हे मी अगदी विनयाने सांगतो आहे. शुक्रवार पेठेत बोळाच्या तोंडाशी माझं दुकान होतं. दुकान कसलं, एक ऐरण, एक चिंचेचा ठोकळा, पाच-सहा हातोड्या आणि आढ्याला टांगलेला एक दोर. ही तीस-बत्तीस सालची गोष्ट. सोलापूर तेव्हा गिरणीच्या भोंग्यावर उठायचं आणि भोंग्यावर जेवायचं. गिरण्यांना लाकूड लागे, विणकरांच्या मागांना लाकूड लागे, घरांना तर लागेच. त्यामुळे लाकडाच्या वखारी जोरात होत्या, आणि जिथे लाकूड कापतात तिथे कधी ना कधी करवत वाकतेच.

लोकांना वाटायचं, ह्यात काय मोठंसं? वाकलंय तिथे हातोडा घालायचा, झालं. एक हेडमास्तर तडा गेलेली शाळेची घंटा घेऊन आले आणि म्हणाले, आवाज बद्द येतोय, दोन ठोके मारून बघा. एका भजनी मंडळाने झांजा आणल्या. त्यातली एक चेपली होती कारण ती वापरून त्यांनी एकमेकांना मारलं होतं, हे मला नंतर कळलं. बोळात राहणारी तेलुगू विणकराची बायको, नरसम्मा, हिचा तवा चुलीवर डुगडुगायचा. तो मी उभ्या उभ्या बसवून दिला. माझं नाव पेठेत झालं ते करवतींमुळे नाही, नरसम्माच्या तव्यामुळे झालं.

आता धंद्यातली मेख सांगतो, कारण पुढची गोष्ट तिच्यावरच उभी आहे. करवतीचं पातं एखाद्या जागी फुगलं, तर त्याचा अर्थ तिथलं पोलाद ताणून जास्त झालं आहे. त्या जास्तीच्या पोलादाला मावायला जागा नाही, म्हणून ते वर येतं. अंगरख्याला शिलाईत चुणी पडली तर शिंपी चुणीवर थापट्या मारत बसत नाही. तो आजूबाजूची शिवण सैल करतो, मग चुणी आपोआप निवते. करवतीचं तसंच. फुगवट्यावर हातोडा मारला की तिथलं पोलाद आणखी ताणतं आणि फुगवटा वाढतो. मारायचं ते त्याच्या भोवती, जिथे काही बिघडलेलं दिसत नाही तिथे. हे ऐकायला सोपं आहे. पण हातात हातोडा असताना समोरच्या फुगवट्याला सोडून द्यायचं, ह्याला मन फार आवरावं लागतं.

मला ते सुरुवातीला आवरलं नव्हतं. तेव्हा मी नवा होतो, आणि नव्या माणसाला असते तेवढी सगळी मस्ती माझ्यात होती. बसण्णा आणि त्याचा भाऊ असे दोघे अक्कलकोटकडचे. घरात कानडी, बाहेर मराठी. दोघांनी दोन टोकांनी ओढायची एक मोठी करवत त्यांची स्वतःची होती आणि तिच्या जिवावर ते गावोगाव ओंडके कापत फिरत. त्या करवतीला मधे फुगवटा आला म्हणून ते माझ्याकडे आले. मी बघितलं, बाह्या सारल्या आणि बरोबर फुगवट्यावर हाणायला लागलो. जितकं हाणलं तितका तो वाढला. मग मी उलट्या बाजूने हाणलं. संध्याकाळपर्यंत मी त्या करवतीचा पापड करून ठेवला होता.

बसण्णाने ती उचलून उजेडात धरली आणि बराच वेळ बघितलं. मी शिव्यांची वाट बघत होतो.

"लोखंड हाय मिस्त्री," तो म्हणाला, "जातंय की कवातरी."

करवत तो माझ्याच दुकानात ठेवून गेला. भाऊ गावाकडे मेंढरं राखायला परतला आणि बसण्णा तात्यांच्या वखारीत मजुरीवर लागला. स्वतःच्या करवतीचा मालक होता, तो दुसऱ्याच्या दारात उभा राहिला, आणि तो माझ्यामुळे. ती करवत मी भिंतीला टांगून ठेवली. रोज सकाळी दुकान उघडलं की पहिली नजर तिच्यावर जायची आणि तोंड कडू व्हायचं.

त्यानंतर मी हुसेनचाचांचे पाय धरले. गिरणीच्या दुरुस्तीखात्यात जन्म काढलेला हा म्हातारा दृष्टीने अधू झाला होता, पण पात्यावर टिचकी मारून कुठे काय बिनसलंय ते सांगायचा. माझा पराक्रम त्याने हाताने चाचपून बघितला आणि खो खो हसला. "फुगे सो जगे पे नक्को मार रे," तो म्हणाला. "बाजू का लोहा तंग है, उसकू ढील दे." ह्या दोन वाक्यांवर मी पुढे चाळीस वर्षं भाकरी खाल्ली.

आता तात्या. तात्यांची वखार गावातली सगळ्यात मोठी. इंजिनावर पट्ट्याने फिरणारी गोल करवत त्यांनी बसवली होती. तरुणपणी तालमीत कसलेलं शरीर, आवाज असा की इंजिन चालू असताना ते बोलत आणि पलीकडच्या गल्लीत ऐकू जाई. माणूस दिलदार होता, पण आपलं चुकलं हे शब्द त्यांच्या जिभेला कधी शिवले नव्हते. एका दणक्यात नारळ फोडण्याची त्यांना भारी हौस. कुणाचं काही नवीन असलं की तात्या नारळ फोडायला हजर.

त्या वर्षी त्यांनी छत्तीस इंची नवं विलायती पातं आणलं होतं. खंडेनवमीला आपल्याकडे हत्यारांची पूजा होते आणि त्या दिवशी हत्याराला कामाला लावत नाहीत, हे सांगायला नकोच. एरवी वखारीतलं पातं शाफ्टवर असतानाच त्याला हळदकुंकू लावत आणि नारळ उंबऱ्यापाशी दगडावर फोडत. पण नव्या पात्याचा थाट नवा. तात्यांनी ते शाफ्टवर न चढवताच चार विटांवर आडवं ठेवायला लावलं, पूजेच्या मोठ्या ताम्हनासारखं. त्याच्या अर्ध्या भागावर कुऱ्हाडी, वाकस, पटाश्या, घण अशी सगळी हत्यारं मांडली. पूजा झाली, आरती झाली.

दुसऱ्या दिवशी दसऱ्याचा मुहूर्त. पातं शाफ्टवर चढलं, इंजिन सुरू झालं, बसण्णाने सागाचा ओंडका पुढे सरकवला. तोवर ह्या यंत्रावर त्याचा हात असा बसला होता की तात्या ते काम दुसऱ्या कुणाला देत नसत. पण पातं लागलं थरथरायला. फळी निघाली ती नागमोडी. मुहूर्ताच्या ओंडक्याची ही गत बघून तात्यांचा पारा चढला. इंजिन बंद करायला लावून त्यांनी सगळ्या गड्यांसमोर बसण्णाला झाडलं. ओंडका रेटून घातलास, माझं नवं पातं वाकवलंस, उद्यापासून येऊ नकोस, आणि गावातल्या कुठल्या वखारीत तुला पाय ठेवू देतो का बघ.

ही नुसती धमकी नव्हती. वखारी होत्या चार-पाच आणि मालक सगळे एकमेकांचे स्नेही. करवत वाकवणारा गडी, असं एकदा नाव पडलं की त्याला कुणी दारात उभं करत नसे. बसण्णाने नुकतंच गावाबाहेर कुंभारीत खोपटं बांधून बायको आणि दोन मुलींना गावाकडून आणलं होतं. हातची करवत मी खाल्ली होती, आता यंत्राचीही गेली तर त्याला दगड फोडायलाच जावं लागलं असतं.

तात्या पातं बैलगाडीत घालून स्वतः माझ्याकडे आले. उतरवून घ्यायला बसण्णालाच बरोबर आणलं होतं.

"मिस्त्री, तीन दिसांत सरळ पायजे. विनकरांच्या मागाचं लाकूड दिवाळीआदी द्यायचंय. ह्या गड्यानं नवं पातं वाकवलंय, बगा."

"बघतो," मी म्हटलं. तात्या गाडीत बसून गेले. बसण्णा निघायला लागला, त्याला मी थांबवलं.

पात्याच्या मधल्या भोकातून दोर ओवून मी ते आढ्याला टांगलं आणि हातोडीने हलकेच टिचकी दिली. निरोगी पातं घंटेसारखं बराच वेळ बोलतं. हे एका बाजूला बोललं आणि दुसऱ्या बाजूला मुकं झालं. मग सरळ पट्टी लावून बघितलं. भोक आणि दाते ह्यांच्या मधे, तळहाताएवढ्या जागेत पातं एका अंगाला आत गेलं होतं आणि दुसऱ्या अंगाला वर आलं होतं.

आता ओंडका रेटून घातला तर पातं असं बिघडत नाही. रेटलेलं पातं तापतं ते कडेला, दात्यांपाशी. तिथे पोलादावर निळसर झाक येते, कड सैल पडते आणि पातं फिरताना सापासारखं वळवळतं. इथे कड स्वच्छ होती, निळं कुठेच नव्हतं. हा घाव वरून पडलेला होता. मी खोलगट जागेवरून बोट फिरवलं तर चिकट लागलं. कडेने तांबूस गंजाची रेघ धरली होती, आणि त्या रेघेत कुंकू बसलं होतं.

"बसण्णा, खरं सांग. ह्याच्यावर काय पडलं?"

"काय न्हाय पडलं."

"मग हे चिकट काय हाय? आन् हे कुंकू?"

त्याने एकदा दाराबाहेर बघून घेतलं. मग हळूच म्हणाला, "मालकांनी नारळ फोडला की ह्याच्यावर. पैल्या दनक्यात फुटला न्हाय. दुसऱ्याला बी न्हाय. लोकं बगत हुती. मंग पूजेतला घन उचलला आन् हानला."

खाली चार विटा, मधे पोकळ, वर नारळ आणि नारळावर तात्यांच्या हातचा घण. मला हसूही आलं आणि संतापही आला.

"आन् तू गप बसलास? नोकरी चाललीय तुजी!"

"काय बोलू मिस्त्री? देवाच्या नारळानं करवत बिगडली म्हनू? तुमी तरी म्हनला असता व्हय?"

मी म्हटलं असतं, असं मी ठणकावून सांगितलं. खरं सांगायचं तर मीही म्हटलं नसतं. मालकाला चूक दाखवणं एकवेळ जमेल, पण मालकाच्या पूजेला दोष कोण देणार? म्हणूनच त्या दिवशी घण बघितलेले पंधरा-वीस गडी तोंड शिवून उभे होते.

त्या दोन दिवसांत मी जे काम केलं ते माझ्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम, हे आज मी बिनदिक्कत सांगतो. आधी पातं पालथं घालून वर आलेला भाग चिंचेच्या ठोकळ्यावर घेतला, त्यावर चामडं ठेवलं आणि पोलाद न ताणणाऱ्या लाकडी मोगरीने हळूहळू बसवत नेलं. फुगवटा बारा आणे खाली गेला. राहिलेला चार आणे म्हणजे ताणलेलं पोलाद. त्याला आता हात लावायचा नव्हता. खडूने भोवती वर्तुळं काढली आणि ऐरणीवर, गोल तोंडाच्या हातोडीने, त्या वर्तुळांवर ठोके द्यायला लागलो. हलके, सारखे, एका अंगाने झाले की दुसऱ्या अंगाने. वीस ठोके झाले की टांगायचं, टिचकी द्यायची, ऐकायचं, पट्टी लावायची, पुन्हा वीस. बसण्णा घरी जाईना. तो पातं उचलायला हात द्यायचा आणि उरलेला वेळ भिंतीला टेकून बसून राहायचा. त्याच्या डोक्यावर बरोबर त्याचीच ती जुनी करवत टांगलेली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी घात झाला. इतका वेळ शहाण्यासारखा निवत आलेला फुगवटा एकदम टक् करून डब्याच्या झाकणासारखा उलट्या अंगाला उडाला. मी दाबला, तो परत इकडे आला. माझं डोकं भणभणलं. हातोडी वर गेली होती, आणि ती नेमकी फुगवट्यावर पडणार होती.

"मिस्त्री," बसण्णा म्हणाला, "च्या सांगू का?"

चहा त्याने मुद्दाम विचारला की सहज, हे मला आजतागायत माहीत नाही. मी हातोडी खाली ठेवली. चहा प्यालो, पेठेत एक चक्कर मारली आणि परत येऊन फुगवट्याच्या भोवतीच, पण आणखी बाहेरच्या वर्तुळावर, दात्यांकडे सरकत ठोके द्यायला लागलो. दिवेलागणीच्या आत पातं टांगून टिचकी दिली, तर ते सगळीकडून सारखं बोललं. बोलतच राहिलं. पलीकडून नरसम्मा डोकावून विचारायला आली, देवळातली घंटा आणलीय का. मी आणि बसण्णा एकमेकांकडे बघून वेड्यासारखे हसलो.

तिसऱ्या दिवशी आम्ही गाडी करून वखारीत गेलो. गाडीत पात्याबरोबर मी एक जुनं मोडीत निघालेलं पातं टाकलं होतं, आणि पिशवीत दोन नारळ.

पातं शाफ्टवर चढवल्यावर मी तात्यांना म्हटलं, "पैला ओंडका बसण्णाच लावील."

"आन् पुन्ना वाकवलं तर?"

"तर माजी ऐरण हितं आणून टाकतो. पुन्ना हातोडी धरणार न्हाय."

हे मी का बोललो मला ठाऊक नाही. घरी बायको ऐकती तर तिने मला तिथेच उभा चिरला असता. तात्यांनी डोळे बारीक केले आणि वखारीच्या कोपऱ्यातला एक बाभळीचा ओंडका दाखवला. गाठींनी भरलेला, कुणीही हात न लावणारा.

"ह्यो लावा," ते म्हणाले.

इंजिन सुरू झालं. बसण्णाने पात्याला नमस्कार केला आणि ओंडका पुढे सरकवला. मी डोळे मिटून ऐकत होतो. बाभळीच्या गाठीवर पातं आलं की आवाज चढायचा, गाठ सुटली की उतरायचा, पण त्यात थरथर नव्हती. बसण्णा गाठ आली की हात सैल सोडत होता, पुढे काय येणार हे त्याला जणू आतून दिसत होतं. फळी सुटून पडली. मी तिच्यावर पट्टी उभी ठेवली. पट्टीखालून उजेडाची तिरीपसुद्धा दिसली नाही. गडी टाळ्या पिटायला लागले.

तात्यांनी फळीवरून अंगठा फिरवला. "झ्याक," ते म्हणाले. "मिस्त्री, तुमच्या हाताला तोड न्हाय." मग बसण्णाकडे बघत त्यांनी कपाळाला आठी घातली. "पर ह्यो एवढं बेस कापतोय, तर मंग त्या दिवशी वाकलं कसं?"

मी ह्याच प्रश्नाची वाट बघत होतो. "तात्या, नारळानं वाकलं," मी म्हटलं.

आधी कुणाला कळलंच नाही. मग तात्या असे हसले की पत्रे हलले. "सागाचा ओंडका कापनारं पातं नारळानं वाकतंय व्हय? खुळं का काय तुमी?"

"दाताकडनं त्याची ताकद, तात्या. कुशीत त्याला सोसत न्हाय. म्हणून तर म्हणतो, फोडून बघा."

जुनं पातं चार विटांवर ठेवलं. पिशवीतला नारळ त्यांच्या हातात दिला. तात्यांनी धोतर सावरलं, हात वर नेला आणि एकच दणका दिला. नारळाची शकलं वखारभर उडाली. पात्यावर पाणी सांडलं, बाकी ओरखडाही उठला नाही.

माझी अशी फजिती कधीच झाली नव्हती. त्या दिवशी हट्टी नारळ फुटत नव्हता आणि आज मी वेचून आणलेला पहिल्या दणक्यात फुटला. तात्या चौफेर बघून मिशीवर हात फिरवत होते, गडी खाली बघून हसू दाबत होते. घणाचं नाव माझ्या ओठांवर आलं होतं. पण मी त्या दिवशी तिथे नव्हतोच, मी काय सांगणार?

तेवढ्यात मागून आवाज आला.

"मालक, त्या दिशी घन घेतला हुता की."

बसण्णा बोलला होता.  तात्या सावकाश वळले आणि त्याच्याकडे बघत राहिले. बसण्णाने नजर काढली नाही.

"व्हय मालक," एका कोपऱ्यातून दुसरा गडी म्हणाला. मग तिसरा.

तात्यांनी हात पुढे केला. मी दुसरा नारळ दिला. त्यांनी तो पात्यावर ठेवला, भिंतीशी टेकवलेला घण स्वतः जाऊन आणला आणि हाणला. ह्या वेळचा आवाज निराळा होता, ज्याला कान आहेत त्याला कळेल असा. तात्या गुडघ्यावर बसले. ओंजळीने नारळाचं पाणी सारलं आणि तळवा त्या खड्ड्यावरून फिरवला. एकदा, दोनदा. माझ्या दुकानात मी जसा फिरवला होता तसाच.

उठले तेव्हा त्यांचा तो गडगडाटी आवाज कुठे गेला होता कोण जाणे. "बसण्णा," ते म्हणाले, "उंद्या भोंग्याला ये." आणि गादीवर जाऊन बसले.

त्याहून जास्त ते काही बोलले नाहीत. मला वाटलं होतं त्यांनी सगळ्यांसमोर झाडलं तसं सगळ्यांसमोर मागे घ्यावं, आणि ते न झाल्याने मी गाडीत बसून बडबड करत होतो. बसण्णा मात्र कुंभारीच्या रस्त्याला लागेपर्यंत गात होता, कानडीत.

त्या दिवाळीत मी भिंतीवरची त्याची जुनी करवत खाली काढली. आठ दिवस तिच्याशी झगडलो. ती मी सरळ केली, पण पुरी नाही. मधे वीतभर जागा अशी राहिली की तिथे हात लावला की अजून माझी मस्ती हाताला लागते. बसण्णाने ती नेली आणि पुढे सुट्टीच्या दिवशी भावाबरोबर गावाकडे थोडंफार कापायला लागला. ती वीतभर जागा त्याने मला कधी बोलून दाखवली नाही. मला ती अजून टोचते.

पुढच्या खंडेनवमीला तात्यांनी मला वखारीत आग्रहाने बोलावलं. छत्तीस इंची पातं शाफ्टवरच होतं, हळदकुंकू लावलेलं, झेंडूची माळ घातलेलं. पूजा झाली. तात्यांनी नारळ हातात घेतला. तात्या पात्याकडे गेले नाहीत, उंबऱ्याकडेही गेले नाहीत. ते गर्दीतून वाट काढत मागे उभ्या असलेल्या बसण्णापाशी गेले.

"बसण्णा," पलीकडच्या गल्लीत ऐकू जाईल अशा आपल्या जुन्या आवाजात त्यांनी विचारलं, "कुटं फोडू?"

बसण्णाने उंबऱ्याजवळचा दगड दाखवला. "तितं, मालक."

त्यानंतर तात्या बारा-तेरा वर्षं जगले. पातं तीनदा बदललं, इंजिन गेलं आणि विजेची मोटार आली. पण दर खंडेनवमीला, भरल्या वखारीत, हातात नारळ घेऊन तात्या आधी बसण्णासमोर जाऊन उभे राहत, आणि तो हात करून दाखवी तिथेच नारळ फोडत.